मुरब्बा आणि न्यूमोनिया : सैनिकाच्या आजारपणाचा अर्ज

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही कथा जून १९१५ च्या ‘सरस्वती’त प्रसिद्ध झाली. हिंदी कथेच्या इतिहासात तिला जे स्थान आहे ते सर्वज्ञात आहे. तिच्या शिल्पाची आणि तिच्यातील प्रेमाची चर्चा गेली शंभर वर्षे चालू आहे. त्या चर्चेत एका वाक्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फ्रान्समधील खंदकात कडाक्याच्या थंडीत लहनासिंह आपली पांघरुणे तापाने फणफणलेल्या बोधासिंहाला देतो. तेव्हा वजीरासिंह त्याला बजावतो, की तूच आजारी पडशील, आणि न्यूमोनियाने मरणाऱ्याच्या वाट्याला मुरब्बे येत नाहीत.

मराठी वाचक येथे क्षणभर थबकतो, कारण मुरब्बा म्हटला की त्याच्या मनात प्रथम आंबा किंवा आवळा येतो. कथेतील मुरब्बा तो नव्हे. दोन्ही शब्द अरबीतून आले असले तरी त्यांची मुळे भिन्न आहेत. पंजाबच्या कालव्यांखाली नव्याने आलेल्या जमिनीची चौरस आखणी करण्यात आली होती. त्यातील सुमारे २५ एकरांचा एक चौरस म्हणजे मुरब्बा, आणि तो सरकार सैनिकाला बक्षीस म्हणून देई. वजीरासिंहाच्या थट्टेत एक पक्का व्यवहार सांगितलेला आहे. गोळीला किंमत आहे, तापाला नाही. गुलेरी १९२२ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या प्राच्यविद्या महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून वाराणसीस आले आणि त्याच वर्षी तेथेच वारले. त्यांनी कथेत सहज टाकलेला प्रश्न आज त्याच शहरात पूर्व उत्तर प्रदेशातील निवृत्त सैनिकांसमोर उभा आहे. वाराणसी, गाझीपूर, बलिया, जौनपूर या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लोक फौजेत जात आले आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना गोळी लागली नाही पण हृदयरोग, अपस्मार, मनोविकार किंवा कर्करोग झाला, त्यांना लष्कराकडून अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळवायचे असेल तर आपला रोग सेवेशी संबंधित आहे असे ठरावे लागते. हे ठरणे बहुतांशी कागदावर होते, आणि म्हणून तो वैद्यकाचा व कायद्याचा जेवढा विषय आहे तेवढाच भाषेचाही आहे.

जखमेचे मोल करण्याची परंपरा मराठीला अपरिचित नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस आपली बखर लिहिली. तीत १६५९ च्या अफझलखान-प्रकरणानंतरची व्यवस्था नोंदविलेली आहे. कामी आलेल्यांच्या मुलांना चाकरीत घ्यावे, पुत्र नसेल त्याच्या बायकोस निमे वेतन चालवावे, आणि जखमींना जखम कशी आहे ते पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम द्यावी, असा तिचा आशय आहे. पेशवाईच्या दप्तरांत पुढे ‘बालपरवेशी’ हा शब्द येतो, आणि मोल्सवर्थच्या कोशातही तो आहे. लढाईत पडलेल्या शिपायाच्या बायकामुलांच्या पोषणासाठी लावून दिलेली नेमणूक, असा त्याचा अर्थ. या तरतुदींतील माणुसकी निर्विवाद आहे. तथापि बखरकाराच्या त्या यादीत मेलेला आहे आणि जखमी आहे, आजारी नाही. मोहिमेत हिवतापाने खंगलेला, हगवणीने कायमचा निकामी झालेला मावळा त्या काळी नसेल असे मानण्याचे कारण नाही. तो यादीत नाही, कारण जखम स्वतःच बोलते. कारभाऱ्याने ती पाहायची आणि होन मोजायचे. व्याधीला मात्र कोणीतरी कथन करावे लागते, आणि कथनावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न मागोमाग येतो.

(‘पेन्शन’ हा शब्द मराठी घरांत रुजला तो मात्र सैनिकांमुळे नव्हे. १८१८ नंतर ब्रह्मावर्तास राहिलेल्या दुसऱ्या बाजीरावाचे वार्षिक ८ लाखांचे पेन्शन आणि त्याचा भाऊ चिमाजी आप्पा याचे काशीतील पेन्शनरपण यांनी तो शब्द घरोघर नेला. मराठी इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध पेन्शन-अर्जही सैनिकाचा नाही. तो बाजीरावाच्या मृत्यूनंतर नानासाहेबांनी केला आणि तो फेटाळला गेला.)

वाराणसीहून गंगेच्या वरच्या अंगाला चुनारचा किल्ला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करातील निकामी ठरलेल्या गोऱ्या सैनिकांचे ठाणे तेथे होते. हिंदी शिपायांसाठी भागलपूर व बिहारकडील भागांत जमिनी देऊन वसविलेली ‘इनव्हॅलिड ठाणी’ होती. त्यांचा सविस्तर अभ्यास सीमा अलवी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केलेला आहे. कंपनीच्या कारकुनांच्या लेखी ‘इनव्हॅलिड’ हा शब्द व्यापक होता. म्हातारा, जखमी, आजारी असे सगळेच त्यात येत. काम होत नाही एवढे पुरे, ते का होत नाही याची फोड फारशी केली जात नसे. कारणाची फोड करणारी भाषा पुढे विसाव्या शतकात, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, ब्रिटिश पेन्शन-व्यवस्थेत घडली आणि तेथून ती आपल्याकडे आली. ती आजही जशीच्या तशी चालू आहे.

त्या भाषेचा सारा भार दोन विशेषणांवर आहे. ती इंग्रजीत ‘अॅट्रिब्यूटेबल’ आणि ‘अॅग्रव्हेटेड’ अशी आहेत. रोग सेवेला ‘आरोप्य’ आहे किंवा सेवेने तो ‘वर्धित’ झाला आहे, असे त्यांचे संस्कृतनिष्ठ रूपांतर करता येते. परंतु ‘आरोप्य’ या शब्दात आरोपाचा वास येतो, आणि अर्जदार जणू लष्करावर आळ घेतो आहे असे वाटते. खरे तर मराठीला या परक्या जोडीची गरजच नव्हती. रोग ‘जडतो’ आणि रोग ‘बळावतो’. आपल्या बोलण्यात हा भेद इतका स्वाभाविक आहे की कोणतीही गृहिणी तो न चुकता करते. सेवेमुळे जडलेला किंवा सेवेमुळे बळावलेला रोग, एवढ्या दोन क्रियापदांत अख्खा नियम बसतो. वाराणसीच्या छावणीत ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे. तेथून भरती झालेल्या तिसऱ्या व नवव्या गोरखा रायफल्सच्या जवानांपैकी पुष्कळांची मातृभाषा नेपाळी. नेपाळीतही रोग ‘लाग्नु’ वेगळे आणि जुने दुखणे पुन्हा उफाळून ‘बल्झिनु’ वेगळे. म्हणजे ज्या माणसाला उत्तर द्यायचे असते त्याच्या बोलीत प्रश्न आधीपासूनच आहे. कागदावर मात्र तो त्याला अनोळखी वेशात भेटतो.

आता नियमांकडे वळू. १९६१ च्या सैन्य निवृत्तिवेतन विनियमांनुसार, सेवेमुळे जडलेल्या किंवा बळावलेल्या आणि २० टक्के वा त्याहून अधिक ठरलेल्या अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर काढलेल्या सैनिकास अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळण्यास पात्र मानले गेले. फौजी भाषेत याला ‘बोर्ड आउट होणे’ म्हणतात, कारण निर्णय मेडिकल बोर्डाचा असतो. रोगाचा सेवेशी संबंध कसा ठरवावा हे १९८२ च्या पात्रता-नियमांनी सांगितले, आणि त्यांतील काही कलमे साहित्याच्या व दर्शनांच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावीत अशी आहेत.

पहिले गृहीतक असे, की भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद झालेली नाही ती त्या वेळी नव्हती, सैनिक निरोगी होता. दुसरे त्यावरच उभे आहे. पुढे प्रकृतीच्या कारणाने त्याला काढावे लागले, तर प्रकृती बिघडली ती सेवेमुळे असे मानावे. तिसरी तरतूद, पुराव्याचा भार अर्जदारावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा. यांपैकी पहिले गृहीतक म्हणजे न लिहिलेल्या नोंदीचा लावलेला अर्थ होय. पाठचिकित्सेत मौनावरून केलेले अनुमान दुबळे समजतात. एखाद्या हस्तलिखितात ओवी नाही एवढ्यावरून ती मूळ कवीची नव्हे असे कोणी म्हणत नाही. येथे मात्र कायद्याने मौनालाच प्रमाणाचा दर्जा दिला आहे.

काशीच्या पंडित-परंपरेला हा वाद नवा नाही. ‘भूतलावर घट नाही’ हे ज्ञान कशाने होते? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने. नैयायिकांना ते स्वतंत्र प्रमाण मान्य नाही. परंतु एका अटीवर सर्वांचा भर आहे. अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. घट असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून त्याचा अभाव सिद्ध होतो. अंधारात घट दिसला नाही यावरून काहीच ठरत नाही. १९८२ च्या नियमांतील चौदावे कलम हीच अट वेगळ्या शब्दांत घालते. भरतीच्या तपासणीत नोंद नसलेला रोग सेवेत उद्भवला असे सामान्यतः मानावे. मात्र तो रोग त्या तपासणीत कळण्याजोगाच नव्हता असे वैद्यकीय मत असेल, आणि त्या मताची कारणे लिहून दिलेली असतील, तर हे गृहीतक ढळते. नियम करणाऱ्यांनी कुमारिलभट्ट वाचला होता असे सुचवायचे नाही. माणसाला अभावाविषयी नीट विचार करायचा असेल तर तो त्याच वाटेने जातो, एवढेच.

‘कारणे लिहून’ हे दोन शब्द पुढे निर्णायक ठरले. कित्येक बोर्डांच्या अहवालांत ‘शरीरप्रकृतीजन्य विकार, सेवेशी संबंध नाही’ एवढाच शेरा असे. कारणाची जागा कोरी. २००९ च्या दामोदरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाच्या मताला प्राधान्य द्यावे अशी भूमिका घेतली होती. मात्र जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंह विरुद्ध भारत संघ या खटल्यात न्यायालयाने पात्रता-नियम क्रमाने वाचून काढले. हा जवान १९८५ मध्ये भरती झाला होता आणि अपस्मारामुळे १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्व ठरवून बोर्ड आउट झाला होता. भरतीच्या कागदावर व्याधीची नोंद नाही, बोर्डाने कारण दिलेले नाही, तेव्हा गृहीतक अर्जदाराच्या बाजूने उभे राहते, असा निर्णय झाला. त्याच सुमारास वीर पाल सिंह प्रकरणात दुभंग मनस्कतेचा विचार करताना न्यायालयाने शब्दकोश आणि वैद्यकीय ग्रंथ यांतील उतारे समोर ठेवून बोर्डाचा संक्षिप्त शेरा तपासला व फेरतपासणीचा आदेश दिला. एका शब्दाचा अर्थ ठरविण्यासाठी न्यायमूर्ती कोश उघडतात, हे दृश्य भाषेच्या अभ्यासकाला आपलेसे वाटावे असे आहे. त्या शब्दावर एका माणसाचे उर्वरित आयुष्य लटकलेले असते, एवढाच फरक.

शंकेच्या फायद्याविषयी आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. दिवाणी दाव्यात ‘संभाव्यतेचे पारडे’ आणि फौजदारीत ‘वाजवी संशयापलीकडे’ हे पुराव्याचे दोन दर्जे आपली न्यायालये रोज वापरतात. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन इंग्लंडमध्ये १९४७ साली न्यायमूर्ती डेनिंग यांनी केले. ते कोणत्या खुनाच्या किंवा मालमत्तेच्या खटल्यात केले असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो मिलर नावाचा पेन्शन-खटला होता, आणि प्रश्न होता अन्ननलिकेच्या कर्करोगाने झालेला मृत्यू युद्धसेवेशी जोडता येतो काय, हा. ज्या रोगाचे कारण खुद्द वैद्यकालाच ठाऊक नाही त्याबाबत किती खात्री पुरेशी मानावी, या विवंचनेतून ते विवेचन निघाले.

कर्करोगाच्या बाबतीत आपले १९८२ चे नियम कठोर होते. त्यांच्या परिशिष्टात रोगांचे वर्ग होते. हवामानाने होणारे, मानसिक ताणाने होणारे, आहाराच्या सक्तीने होणारे असे गट पाडून शेवटी ‘सेवेचा सामान्यतः परिणाम न होणारे रोग’ असा वर्ग दिला होता, आणि त्यात प्रथमच कर्करोग. सार्कोमाही त्याच वर्गात, पण एका अपवादासह. हाडाचा सार्कोमा असेल आणि नेमक्या त्याच जागी सेवेत इजा झाल्याचा इतिहास असेल, तर तो वगळावा. म्हणजे व्याधींच्या यादीतसुद्धा अखेर जखमच दाराशी उभी राहून व्याधीला आत घेते! वजीरासिंहाचा न्याय इतका चिवट आहे.

हे सर्व नियम ज्या कागदावर लागू होतात तो कागद म्हणजे मेडिकल बोर्डाचा सोळा क्रमांकाचा नमुना. डॉक्टरांच्या निष्कर्षांआधी त्यात सैनिकाचे स्वतःचे निवेदन असते. कोणत्या ठिकाणी कोणत्या काळात सेवा केली, आजार प्रथम केव्हा व कोठे सुरू झाला, उपचार कोठे झाले, भरतीपूर्वी तो होता काय, आणि सेवेतील कोणत्या घटनांमुळे तो झाला किंवा वाढला असे तुम्हास वाटते, असे प्रश्न. शेवटचा प्रश्न आत्मचरित्राचा आहे. एरवी शिपायाला त्याच्या आयुष्याचा कार्यकारणभाव कोणी विचारत नाही. येथे तो विचारला जातो, आणि त्यासाठी चारदोन ओळींची जागा सोडलेली असते.

या ओळी बहुधा रित्या राहतात किंवा ‘नाही’ एवढ्याने भरतात. यामागे अज्ञान आहे तसा संस्कारही आहे. लहनासिंह आपली जखम लपवतो आणि रुग्णवाहिकेत दुसऱ्यांना पुढे पाठवतो. वाचक त्याबद्दल त्याच्यावर लुब्ध होतो. हाच गुण पलटणीत शिकवला जातो. दुखणे सांगणारा तो कामचुकार, ‘सिक रिपोर्ट’वर वारंवार जाणारा तो नालायक. शिवाय ‘लो मेडिकल कॅटेगरी’ लागली की बढती आणि सेवावाढ अडते, म्हणून छातीत दुखले तरी जवान गोळी घेऊन गप्प बसतो. वीस वर्षे त्याने मौन पाळलेले असते, आणि सेवेच्या अखेरीस एका दुपारी त्याने सविस्तर बोलावे अशी अपेक्षा केली जाते. भरतीच्या कागदाचे मौन त्याच्या बाजूचे असते. मधल्या वर्षांचे त्याचे स्वतःचे मौन मात्र त्याच्या विरुद्ध जाते. दोन मौनांतला हा भेद अर्जदाराच्या ध्यानात सहसा उशिरा येतो.

चांगले निवेदन कसे असावे? त्यात विशेषणे नसावीत. ‘देशासाठी अपार कष्ट सोसले’ या वाक्याचा बोर्डाला काहीही उपयोग नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या उंचीवर, किती महिने, रजा केव्हा नाकारली गेली, पहिली चक्कर कोणत्या ड्युटीवर आली, त्या वेळी शेजारी कोण होते, कोणत्या लष्करी रुग्णालयात दाखल केले, याला वजन आहे. ‘पीस’ ठाण्यावर लक्षण प्रथम दिसले म्हणून नकार मिळण्याची शक्यता मोठी असते. म्हणून त्या ठाण्यापूर्वीची दोनतीन वर्षे कोठे गेली ते लिहिणे अगत्याचे. उच्च रक्तदाब उद्भवला त्या दिवशी नोंदला जातो असे नाही. बखरीची भाषा येथे चालत नाही, रोजनिशीची चालते.

बोर्डाने लिहिलेले अंतिम असते असेही नाही. वाराणसीहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर प्रयागराजला द्रौपदी घाटाजवळ संरक्षण लेखा विभागाचे निवृत्तिवेतन कार्यालय आहे. देशभरच्या भूसैनिकांची पेन्शने तेथून मंजूर होत आली आहेत. एके काळी तेथील वैद्यकीय सल्लागार रुग्णाला न पाहता केवळ फाईल वाचून बोर्डाने दिलेली टक्केवारी कमी करीत किंवा सेवेशी संबंध नाकारीत. ज्याने पाहिले त्याच्या मतावर ज्याने वाचले त्याने कुरघोडी करावी, हा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या सॅपर मोहिंदर सिंह प्रकरणात अमान्य केला. नव्याने तपासणी केल्याशिवाय बोर्डाचे मत बाजूला सारता येत नाही, असे तेव्हा ठरले.

टक्केवारीचे गणित थोडक्यात असे. या निवृत्तिवेतनाचे सेवेचा अंश आणि अपंगत्वाचा अंश असे दोन भाग असतात. शंभर टक्के अपंगत्वाला दुसरा अंश वेतनाच्या ३० टक्के, आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात कमी. अर्ध्याच्या आतले अपंगत्व ५० धरावे, ५० ते ७५ हे ७५ धरावे आणि त्यापुढील १०० धरावे, ही सवलत १९९६ पासून प्रथम फक्त बोर्ड आउट झालेल्यांना होती. सेवाकाल पुरा करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे हे डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निर्णयाने स्पष्ट झाले. युद्धातील जखमेचा दर याच्या किमान दुप्पट आहे. मुरब्ब्याचा चौरस अजून पुसलेला नाही.

सर्वांत बिकट स्थिती ज्याचे निदान घरी परतल्यावर होते त्याची. वाराणसीत २०१९ मध्ये टाटा स्मारक केंद्राची दोन कर्करोग रुग्णालये सुरू झाली, एक लहरतारा येथे आणि दुसरे हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात. पूर्वी मुंबई गाठावी लागे अशा रुग्णांचे निदान आता आपल्या गावाजवळ होऊ लागले. या रुग्णांत माजी सैनिकही असतात, आणि तेथे त्यांचा एक गैरसमज हमखास आढळावा असा आहे. २००३ पासून चालू असलेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचे कार्ड हाती असले की उपचार होतात, म्हणजे सरकारने आजार मान्य केला, असे वाटते. ही दोन दारे वेगळी आहेत. उपचाराच्या दाराशी ‘आजार आहे काय’ एवढेच विचारतात, निवृत्तिवेतनाच्या दाराशी ‘कशामुळे’ हे विचारतात. सेवा संपल्यानंतर ठरावीक वर्षांच्या आत उद्भवलेल्या रोगाचाही विचार होऊ शकतो. पण त्यासाठी रोगाची प्रक्रिया सेवेतच सुरू झाली होती आणि ती केवळ उशिरा प्रकट झाली, असे वैद्यकीयदृष्ट्या दाखवावे लागते. रासायनिक द्रव्ये, किरणोत्सर्ग, इंधनाचे धूर यांच्याशी सेवेत संबंध आला असेल तर त्याचा उल्लेख अर्जात हवाच. सैनिकाला तो क्षुल्लक वाटतो, कारण ते त्याचे रोजचे काम होते.

येथे काळही प्रतिकूल होत गेला आहे. २००८ च्या नियमांनी भरतीची तपासणी सर्वस्पर्शी नसते आणि सेवेत रोग दिसला एवढ्यानेच तो सेवेचा ठरत नाही, अशी भूमिका घेतली, आणि सेवा सोडून पंधरा वर्षे लोटल्यावर दावा केल्यास पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला. अनुपलब्धीचा दर्जा प्रमाणावरून पुन्हा संशयाकडे सरकला, असे म्हणता येईल. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनी बोर्ड आउट झालेल्यांचे निवृत्तिवेतन आणि सेवा पुरी करणाऱ्यांना मिळणारा ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा भेद केला. म्हणून आज अर्ज लिहिणाऱ्याने प्रथम पाहायचे ते आपण कोणत्या साली सेवा सोडली आणि आपल्याला कोणते नियम लागू हे. जुन्या अर्जाची नक्कल उतरून काढणे धोक्याचे आहे.

अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने उलट वाट धरली. परदेशी तळांवरील कचऱ्याच्या उघड्या भट्ट्यांच्या धुरात ज्यांनी सेवा केली, त्यांच्या काही ठरावीक रोगांचा सेवेशी संबंध गृहीतच धरला जातो. तेथे सैनिकाला कथा सांगावी लागत नाही. ठिकाण, काळ आणि रोगाचे नाव पुरते. आपल्याकडील १९८२ च्या नियमांचा आत्मा फारसा निराळा नव्हता.

नकार आला तर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील, ते फेटाळले तर दुसरे, आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण असा क्रम आहे. पूर्व उत्तर प्रदेशाच्या अर्जदाराला त्यासाठी लखनौच्या पीठाकडे जावे लागते, महाराष्ट्रातील अर्जदाराला मुंबईच्या. नकाराच्या पत्रात नेमकी कोणती कारणे दिली आहेत ती शब्दशः पाहून अपील त्या शब्दांनाच उत्तर म्हणून लिहावे. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घेतल्याशिवाय अपील लिहू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याबाबत मदत मिळते.

अर्ज चालू असताना अर्जदार वारला, तर कथनकर्ता बदलतो. मृत्यू सेवेमुळे झाला असे ठरल्यास विधवेला वेतनाच्या ६० टक्के दराने विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, अन्यथा सामान्य दर ३० टक्के. जडणे आणि बळावणे या दोन क्रियापदांचा निवाडा आता तिच्या वाट्याला येतो, आणि तिने तर ती ठाणी कधी पाहिलेलीच नसतात. गुलेरींच्या कथेतील सुभेदारीण नवरा आणि मुलगा या दोघांसाठी लहनासिंहासमोर पदर पसरते. तिच्या वतीने जे घडले ते वाचकाला ठाऊक होते. कथेच्या शेवटी वृत्तपत्रात आलेल्या सरकारी यादीत मात्र लहनासिंहाचा हुद्दा, पलटण आणि जखमांनी मृत्यू एवढेच असते. बोधासिंह तापात रुग्णवाहिकेतून गेला. त्याच्या कागदावर काय लिहिले गेले ते कथा सांगत नाही. आजच्या सुभेदारणीजवळ असते ते नवऱ्याचे डिस्चार्ज बुक, रजेवर आल्यावर गावच्या डॉक्टरने लिहून दिलेल्या चिठ्ठ्या, आणि ‘इकडे फार थंडी आहे, छातीत जड वाटते’ अशा मजकुराची जुनी पत्रे. पत्रावर तारीख आणि पलटणीचा टपाल-क्रमांक असेल, तर ते अर्जासोबत जोडता येते.